भिंतीपलीकडचं कण्हणं

एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन गोदाबाई बुऱ्हाणपूरला वडिलांच्या घरी परत आली. नवरा रेल्वेत कारकून होता, विषमज्वरानं गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिचे केस काढायचा दिवस ठरवला, तेव्हा वडील खंडव्याला गेले आणि तिला तशीच घेऊन आले. सासऱ्यांनी हरकत घेतली, तर ते एवढंच म्हणाले, "माझी पोर आहे. तिच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही."

वडिलांना सगळे मोतीलाल मास्तर म्हणत. शहरातल्या एका शाळेत ते मराठी आणि संस्कृत शिकवायचे. अंगानं काटकुळे, दम्याचे, बोलायला मऊ. शनवारा वेशीजवळच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. गल्ली त्यांना मान द्यायची, पण जरा लांबून. मास्तर 'तसलं काही' करतात अशी कुजबुज होती. तरुणपणी ते तीन पावसाळे नर्मदेकाठी ओंकार मांधात्याला एका म्हाताऱ्या शैव साधूजवळ राहिले होते आणि त्यानं त्यांना तंत्राची दीक्षा दिली होती. तंत्र म्हटलं की गल्लीला लिंबू, बाहुली आणि मसणातली राख एवढंच ठाऊक. विधवा मुलीचे केस राखले, तेव्हा त्या कुजबुजीला आणखी एक धागा मिळाला.

खरं पाहता मास्तरांची विद्या अगदी साधी दिसायची. त्यात लिंबूही नव्हतं आणि राखही नव्हती. गोदा परत आली त्या वर्षी ती जेवत नसे, बोलत नसे. एक दिवस ते तिच्यासमोर येऊन बसले.

"श्वास आत येतो आणि बाहेर जायच्या आधी जरासा थांबतो," ते म्हणाले. "त्या थांब्यात काय आहे ते बघ."

गोदानं डोळे मिटून पाहिलं. "काही नाही, अण्णा."

"ते 'काही नाही' कुणाला दिसलं?"

पुढं ते म्हणाले, "आमचे गुरू सांगत, मिळवायचं काहीच नाही. ओळखायचं आहे. पाहणारा इथं आणि जग तिथं, अशी आपण मधे एक भिंत धरून बसतो. ती भिंत कुणी बांधलेलीच नाही. हे जग खोटं आहे असं मी म्हणत नाही हं, गोदे. ही चूल, ही गल्ली, तुझं हे रडणं, सगळी त्याच एका जाणिवेची हालचाल आहे."

गोदानं ते आठ वर्षं केलं. दिवसभर ती कलाबत्तूचं काम करी. पिवळ्या रेशमी धाग्यावर चांदी-सोन्याची चपटी तार गुंडाळायची, चाती फिरवत राहायची. बोटं काम करत आणि ती श्वासाचा थांबा पाहत असे. घडलं काहीच नाही. मन थोडं शांत झालं, पण कुठली भिंत पडली नाही. वडिलांना वाईट वाटेल म्हणून तिनं हे त्यांना कधी सांगितलं नाही.

सन एकोणीसशे अठराचा आश्विन. पावसानं त्या वर्षी दगा दिला होता आणि लोक युद्धाच्या बातम्यांपेक्षा धान्याच्या भावाबद्दल जास्त बोलत. मुंबईकडून एक ताप आल्याचं कानावर होतं. मास्तर एका सोबत्याला गाडीत बसवून द्यायला शहराबाहेर लालबागच्या स्टेशनावर गेले, तर फलाटाच्या टोकाला एक माणूस पडलेला दिसला. गाडीतून त्याला उतरवून ठेवलं होतं. तोंडावर माश्या, शेजारी एक कापडी पिशवी. लोक अंतर ठेवून उभे होते. मास्तरांनी कान त्याच्या तोंडाजवळ नेला. तो माणूस शुद्ध संस्कृतात पाणी मागत होता.

मास्तरांनी त्याला पाणी पाजलं आणि टांगा करून घरी आणलं.

तो माणूस नेपाळातल्या पाटण शहरातला निघाला. नाव ज्ञानमुनी. पंचेचाळिशीचा, गृहस्थ, घराण्यानं बौद्ध पुरोहित. त्यांच्याकडं बुद्धाचा धर्मही तंत्रमार्गानं आणि संस्कृत पोथ्यांतून चालत आलेला. अजिंठ्याच्या लेण्यांत बुद्धाची चित्रं आहेत असं त्यानं ऐकलं होतं, ती पाहायला तो एकटाच निघाला होता. वाटेत तापानं गाठलं.

दहा दिवस मास्तरांनी त्याची सेवा केली. आठव्या दिवशी तो उठून बसला आणि दोघांचं बोलणं सुरू झालं. अर्धं हिंदीत, अर्धं संस्कृतात. गोदा कोपऱ्यात चाती फिरवत ऐके. मास्तरांना इतकं बोलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर जे कुणाशी बोलता आलं नाही ते बोलायला अखेर माणूस भेटला होता, आणि तोही हजार कोसांवरचा.

दोघांच्या पोथ्यांत एक शब्द सारखाच निघाला, ग्राह्य-ग्राहक. म्हणजे जे धरलं जातं ते आणि जो धरतो तो. हे दोन वेगळे नाहीत, असं दोघांच्याही गुरूंनी सांगितलं होतं. मास्तर लहान मुलासारखे हसले. पण लगेच भांडणही लागलं.

"पाहणारा असा कुणी नाही," ज्ञानमुनी म्हणाला. "पाहणं आहे."

"आहे म्हणता ना? त्यालाच आम्ही शिव म्हणतो. तो पूर्ण आहे."

"नाव दिलंत की धरलंत. धरलंत की धरणारा आला. आम्ही शून्य म्हणतो, ते हात मोकळे राहावेत म्हणून."

"आणि शून्य म्हटलं की लोकांना वाटतं, काही नाहीच. मग शेजारी मेला काय, जगला काय!"

ज्ञानमुनी म्हणाला, "मास्तरजी, फलाटावर पडलो होतो तेव्हा मला माझं नाव आठवेना. गाव आठवेना. बायकोचा चेहरासुद्धा नाही. पण तहान होती. तहान लागलेला कुणी नव्हता, नुसती तहान. मग पाणी आलं. देणारा हात मला परका वाटला नाही. तो माझा आहे असंही वाटलं नाही. हे तुम्ही पूर्ण म्हणा की शून्य म्हणा, मला आता भांडायचं नाही."

मास्तरांचे डोळे भरून आले. गोदाची चाती थांबली होती.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या धुरपदाबाईनं खिडकीतून पाहिलं. ज्ञानमुनी पूजेचं पितळी वज्र आणि घंटा हातात घेऊन आपला पाठ करत होता. धुरपदाबाईचं घर मास्तरांच्या घराला लागून, मधे एकच भिंत. बाई तोंडाची फटकळ, पण वाईट नव्हती. गोदाला तिनं कितीदा भाकरी आणून दिली होती. त्या दिवशी मात्र ती ओट्यावर उभी राहून ओरडली, "मास्तर, हा कोन भगत आनला तुम्ही घरात? कायले आनला?"

"पाहुणे आहेत, धुरपदाबाई. आजारी होते."

"आजारी व्हता, म्हनूनच इचारते!"

त्याच आठवड्यात गल्लीत ताप आला. पहिल्या तीन दिवसांत पाच माणसं गेली, तीही तरणीताठी. सकाळी बाजारात गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी नसायचा. साऱ्या शहरात तेच चाललं होतं, आगगाडी जाईल त्या प्रत्येक गावात तेच होतं. पण गल्लीला समोर एकच घर दिसत होतं. मास्तरांनी आणि त्या नेपाळ्यानं मिळून काही केलं, असं ठरलं. विहिरीवर गोदाचा दोर कुणीतरी कापून टाकला. दारावर शेण आलं, मग दगड आले.

मास्तरांना ताप चढला तो दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. गोदाच्या मनात एक खात्री होती. ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं ही विद्या केली, तो शांत राहील. मरायचंच झालं तर ओळखीच्या घरात पाऊल टाकावं तसा जाईल. तसं झालं नाही. दम्यानं आधीच खिळखिळी झालेली छाती दोन दिवसांत भरली. ओठ, मग गाल, मग कान निळे-काळे पडले. नाकातून रक्त येऊ लागलं. मास्तर अंथरुणावर आपटत होते, गोदाचा हात झिडकारत होते. चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आईला हाका मारत होते, "मला धर, मला धर, मी पडतोय!" त्यांच्या डोळ्यांत भीतीशिवाय काही उरलं नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला ते संपले.

ज्ञानमुनी उशाशी बसला होता. तो हलकेच म्हणाला, "बहन, ती भीतीसुद्धा बाहेरची नव्हती. तुमच्या वडिलांच्याच मतानं..."

"पंडितजी, पोथी नका वाचू!" गोदा एकदम किंचाळली. "तुम्ही वाचलात आणि ते गेले. तुम्हाला पाणी पाजलं म्हणून गेले. आता सांगा, मेलं कोण? मरणारा कुणी नव्हता ना?"

ज्ञानमुनीनं कपाळ जमिनीला टेकवलं आणि तसाच राहिला. त्याचे खांदे हलत होते. गोदाला त्याची दया आली नाही.

खांदा द्यायला कुणी आलं नाही. म्युनिसिपालटीची प्रेतं नेणारी गाडी दिवसातून दोनदा शनवाऱ्यावरून जायची. ज्ञानमुनीनं आणि गोदानं मास्तरांना उचलून गाडीपर्यंत नेलं. गाडीत आधीच सहा जण होते. नदीकाठी राजघाटावर लाकूड संपत आलं होतं. एका चितेवर दोन-तीन देह ठेवत, अर्धवट जळले की तापीत लोटत, कारण मागून दुसरी गाडी आलेली असायची. पाणी कमी होतं, त्यामुळं प्रेतं फार दूर जात नव्हती. मास्तरांना गोदानंच अग्नी दिला. बाईमाणसानं असं करावं का, हे विचारायला तिथं कुणाला सवड नव्हती.

ज्ञानमुनी घाटावरच राहिला. प्रेतं उतरवायला माणसं कमी पडत होती, तो त्यांच्यात मिसळला. गोदा एकटी घरी आली आणि जमिनीवर पडून राहिली. अंगात थोडा ताप होता. श्वासाचा थांबा पाहायचं तिनं सोडून दिलं. वडिलांना शेवटी जे उपयोगी पडलं नाही ते कशाला धरायचं?

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी तिला कण्हणं ऐकू आलं.

तिला वाटलं, आपणच कण्हतोय. तिनं तोंड मिटलं. कण्हणं चालूच राहिलं. मग वाटलं, अण्णा कण्हतायत, आणि ती त्यांना पाणी द्यायला उठलीसुद्धा. उभी राहिल्यावर तिला कळलं की अण्णा नाहीत. पण तो आवाज कुणाचा, हे मात्र कळेना. तो भिंतीच्या या बाजूला होता की त्या बाजूला, तिच्या छातीत होता की बाहेर, काही सांगता येत नव्हतं. नुसतं कण्हणं होतं, आणि ते थांबावं यासाठी पाणी हवं होतं. त्या क्षणी तिला दुःखही झालं नाही आणि आनंदही झाला नाही. तिनं तांब्या उचलला. उंबरा ओलांडून उन्हात आली तेव्हा सगळं पुन्हा आपापल्या जागी गेलं. आवाज धुरपदाबाईच्या मागच्या खोलीतून येत होता. तिची सून सोजर तिथं पडली होती.

सोजर वीस वर्षांची, सातवा महिना चाललेला. नवरा लोटू तुकईथडला नातेवाइकांच्या शेतावर गेला होता आणि तिकडंच अडकला होता. धुरपदाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. दोन दिवस तिनं सुनेचं पाणी उंबऱ्याशी ठेवलं होतं, पण उंबऱ्यापर्यंत सरकत यायचं बळ सोजरमध्ये उरलं नव्हतं.

"आत पाय ठेवू नको!" गोदाला पाहून धुरपदाबाई ओरडली. "एकाले खाल्लं, आता हिले खायाले आली का?"

पण तिला अडवायचं तर उठून हात लावावा लागला असता. धुरपदाबाई जागची हलली नाही. गोदा आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तिथंच होती. कापडाच्या बोळ्यानं पाणी पाजलं, अंग पुसलं, घाण काढली. सोजरचे ओठ निळे पडू लागले तेव्हा पुढं काय होणार हे गोदाला माहीत होतं. शेवटच्या तासाला सोजर शुद्धीवर आली आणि म्हणाली, "आत्याबाईले बोलवा." सासूला ती आत्याबाई म्हणायची. "मले भ्या वाटते."

गोदानं हाक मारली. धुरपदाबाई दारापर्यंत आली. पदर नाकाशी धरून चौकटीत उभी राहिली. सोजरनं तिच्याकडं पाहून हात थोडासा उचलला. धुरपदाबाईचा एक पाय पुढं झाला, मग मागं आला, आणि ती वळून निघून गेली. थोड्या वेळानं सोजर गेली, पोटातलं मूलही तिच्याबरोबर गेलं.

बाहेर धुरपदाबाई छाती पिटत साऱ्या गल्लीला सांगत होती, "हिनं हात लावला अन् माझी सून गेली हो!"

गोदा तिथून तशीच राजघाटावर गेली. ज्ञानमुनी पायरीवर हात धूत होता. पाच-सहा दिवसांत तो ओळखू येईनासा झाला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. कण्हण्याचं सांगताना तिचे शब्द अडखळले.

"हे तेच का, पंडितजी? अण्णा म्हणायचे ते?"

"मी कोण सांगणार? तुमच्या वडिलांनी याला ओळख म्हटलं असतं. आमचे लोक म्हणतील, धरणारा आणि धरलेलं क्षणभर गळून पडले."

"पण सोजर मेली."

"हो."

"आणि अण्णा घाबरून मेले."

"हो, बहन."

"मग याचा उपयोग काय?"

ज्ञानमुनीनं ओले हात पुसले. "मी इथं रोज साठ-सत्तर देह उतरवतो," तो म्हणाला. "रोज मला वाटतं, आज तरी कळेल. मला अजून कळलेलं नाही. तुम्ही तांब्या घेऊन गेलात, एवढं मात्र माझ्याच्यानं तुमच्या वडिलांसाठी झालं नाही. मी उशाशी बसून शब्द शोधत होतो."

गोदानं त्याला क्षमा केली की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण तिनं त्याच्यासाठी चार भाकऱ्या बांधून आणल्या. कार्तिकात साथ ओसरली तेव्हा तो पायी अजिंठ्याच्या वाटेला लागला. पोचला की नाही, पाटणला परत गेला की नाही, काही कळलं नाही. त्याचं पत्र कधी आलं नाही.

गल्लीनं गोदाबाईला चेटकीण ठरवलं ते कायमचं. साथीत साऱ्या देशात लाखो माणसं मेली, हे पुढं वर्तमानपत्रांत आलं, लोकांनी वाचलंही, पण गल्लीतले अकरा जण तिच्याच नावावर राहिले. कलाबत्तूचं काम तिला मिळत राहिलं, कारण तिच्यासारखी एकसारखी तार कुणाला गुंडाळता येत नसे. माल न्यायला येणारा माणूस ओट्याच्या खाली उभा राही. मुलं तिच्या दारासमोरून पळत जात. ती पुन्हा श्वासाचा थांबा पाहू लागली होती. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तसा तो क्षण पुन्हा आला नाही, आणि आला नाही म्हणून ती रडलीही नाही.

धुरपदाबाई आणि ती अकरा वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्या, एक शब्द न बोलता. लोटूनं दुसरं लग्न केलं आणि तुकईथडलाच शेती धरली. आईला घेऊन जायला तो दोनदा आला, ती गेली नाही.

अकराव्या वर्षी चैत्रातल्या एका दुपारी धुरपदाबाई काठी टेकत गोदाबाईच्या ओट्यावर आली आणि न विचारता बसली. म्हातारी पार वाळली होती.

"एक इचारू?"

"विचारा."

"मी दारात आली व्हती त्या दिवशी. तिनं मले माघारी फिरताना पाहेलं का?"

गोदाबाईची चातीवरची बोटं थांबली. नाही म्हणणं सोपं होतं. म्हातारी त्यासाठीच आली असावी.

"पाहिलं," ती म्हणाली.

धुरपदाबाईनं मान खाली घातली. "काही बोलली?"

"तुम्ही गेल्यावर मी परत हाक मारणार होते. तिनं माझा हात धरला. म्हणाली, 'नका बोलवू. आत्याबाईले भ्या वाटते.'"

म्हातारीनं काठी छातीशी धरली. मग तिनं विचारलं, "अकरा वरीस कायले नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही," गोदाबाई म्हणाली. मग म्हणाली, "खोटं बोलले. मला तुमचा राग होता. तुम्हाला हे कळलं तर तुम्ही मोकळ्या व्हाल असं वाटायचं, म्हणून सांगितलं नाही."

"मोकळी कायची होते मी," धुरपदाबाई म्हणाली.

गोदाबाई काम खाली ठेवून तिच्या शेजारी येऊन बसली. समोरून दोन बायका गेल्या, त्यांनी वळून पाहिलं. ऊन ओट्यावर चढलं तेव्हा धुरपदाबाई भिंतीला धरून उठली आणि आपल्या घरात गेली.

त्याच वर्षी मार्गशीर्षात ती वारली. लोटू तुकईथडहून आला, गल्लीतल्या पुरुषांनी खांदा दिला. गोदाबाई मागं थोडं अंतर ठेवून राजघाटापर्यंत चालत गेली. कुणी तिला परत जा म्हटलं नाही, कुणी तिच्याशी बोललंही नाही.